लाल, निळा, लाल

बसमध्ये बिनतिकीट बसलेला माणूस ओळखायला मला त्याचा चेहरा बघावा लागत नाही. तो खिडकीबाहेर फार मन लावून बघत असतो. बाहेर असतं काय, तर वेड्या बाभळी आणि एखादा पेट्रोल पंप. पण डोळे बाहेर आणि कान माझ्याकडे. नगर-मिरजगाव फेरीला कंडक्टर म्हणून इतकी वर्षं काढली, त्यामुळे असं कोणी दिसलं की मी आधी त्याच्याच सीटपाशी जाते. म्हणून आमचे हे जेवताना खिडकीबाहेर बघायला लागले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. बाकी काही दिसत नाही. आणि त्या टाकीकडे ह्यांनी लग्नापासून कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

हे नागापूरला एमआयडीसीत एका कारखान्यात पावडर कोटिंगला. म्हणजे लोखंडी कपाटं, विजेच्या पॅनेलच्या पेट्या साखळीला टांगून येतात, त्यांच्यावर गनने रंगाची कोरडी पावडर मारायची आणि मग त्या भट्टीत जातात. बाहेर येतात तेव्हा रंग असा बसलेला असतो की नखाने निघत नाही. ह्या कामात सगळ्यात मोठं पाप एकच, एका रंगावर दुसरा रंग जाणं. पांढऱ्या पेटीवर निळ्याचा एक कण दिसला तरी माल परत. रंग बदलायचा म्हणजे बूथ, गन, नळी सगळं हवा मारून स्वच्छ करायचं, मगच पुढचा रंग. ह्यांच्या हातचा माल कधी परत आला नाही. घरी पाहुणा आला की चहा यायच्या आधी त्याला हे ऐकावं लागतं.

तर, टाकी. टाकीच्या आधीही काही गोष्टी झाल्या होत्या, पण त्या मला मागून जुळल्या. मोबाईलला नवं कुलूप लागलं. मोबाईल ताटाशेजारी पालथा पडायला लागला. गच्चीवरचे कपडे काढायला हे स्वतःहून जायला लागले. ज्या माणसाने कधी दोरीवरचा स्वतःचा टॉवेल काढला नाही, त्याला एकदम कपड्यांची काळजी. आणि एकटे असले की टेबलावर बोट फिरवायचे. आधी आडवं, मग थांबून उभं, आणि तोंडाने पुटपुटायचे, लाल, निळा, लाल. मी आत आले की बोट थांबायचं.

आमच्या डेपोत एक ड्रायव्हर आहे. चांगला माणूस, गाडी हाताखाली लोण्यासारखी चालवायचा. त्याला मोबाईलवरच्या रंगांच्या जुगाराचा नाद लागला. लाल येणार की हिरवा, एवढंच सांगायचं असतं त्यात. आधी मोटारसायकल गेली, मग बायको माहेरी गेली. तोही असाच पुटपुटायचा आणि स्टिअरिंगवर बोटं नाचवायचा. आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं होतं? आमची मुलगी नर्सिंगला, तिचं शेवटचं वर्ष व्हायचं होतं. मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं, की हा माणूस घर फुंकून टाकणार आणि फुंकून झाल्यावर मला सांगणार.

तरी मी गप्प राहिले. बिनतिकीटवाल्याला लगेच धरलं की तो म्हणतो, आत्ताच चढलो, काढणारच होतो. त्याला जरा पुढच्या थांब्यापर्यंत जाऊ द्यावं लागतं.

पुढचा थांबा चर्चमध्ये आला. रविवारची उपासना चालू होती. आमच्याकडे अजून बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला बसतात. पाळकसाहेब क्षमेवर बोलत होते. मी सहज पलीकडे बघितलं, तर हे गीतांचं पुस्तक उघडून त्यात खाली मान घालून बसलेले. संदेश चालू असताना गीतांचं पुस्तक कोण वाचतं? मी जरा मान तिरकी केली. पुस्तकाच्या पानांमध्ये मोबाईल, आणि मोबाईलवर रंगीत चौकटी. लाल, निळ्या, पिवळ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळकसाहेब म्हणत होते क्षमा करा, आणि मी तिथे बसून ठरवत होते की आधी मोबाईल फोडायचा की आधी बोलायचं.

उपासना संपल्यावर रिक्षाने घरी आलो. दार लावलं आणि हात पुढे केला.

"मोबाईल द्या."

"कशाला?"

"तपासायचाय."

ह्यांनी खिडकीकडे बघितलं. मग कुलूप काढून मोबाईल माझ्या हातात ठेवला. चौकटींचा एक पट होता आणि त्याखाली लिहिलं होतं, पुन्हा प्रयत्न करा.

"किती घालवले?" मी विचारलं.

"काय घालवले?"

"मला शिकवू नका. त्या ड्रायव्हरचंही असंच सुरू झालं होतं."

हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अगं, जुगार न्हाई. कंपनीचं हाय त्ये. लई वाईट हाय, पन जुगार न्हाई."

मग एकेक बाहेर आलं. कारखान्यात रंग मारणारं मशीन येणार होतं, एक लोखंडी हात. त्याला हुकूम लिहून द्यावे लागतात, कुठून कुठे जायचं आणि कोणता रंग मारायचा. ते हुकूम लिहायला गनवाल्यांमधलेच दोघे परीक्षा घेऊन ठेवणार, बाकीचे घरी. शिकवायला पुण्याहून एक साहेब यायचे आणि त्यांनी सगळ्यांच्या मोबाईलवर ही कोडी टाकली होती. एक पट रंगवलेला दाखवतात, शेजारी तसाच कोरा पट. एका ओळीत एक हुकूम लिहायचा, आडवा किंवा उभा सरळ पट्टा, ह्या घरापासून त्या घरापर्यंत, अमुक रंग. कोरा पट दाखवलेल्या पटासारखा झाला पाहिजे, आणि ओळी कमीत कमी लागल्या पाहिजेत. एक ओळ म्हणजे मशीनची एक फेरी. फेऱ्या वाढल्या की कोडं नापास.

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"एकबी जमंना. काय सांगू तुला?"

हे बोलताना त्यांचा आवाज बसला. पण खोटं बोलणाऱ्याचाही आवाज बसतो, मी रोज ऐकते. मी म्हणाले, "माझ्यासमोर करून दाखवा. सगळ्यात सोपं काढा."

सगळ्यात सोपं म्हणजे एकच आडवी रांग, तीन घरांची. लाल, निळं, लाल. ह्यांनी तीन ओळी लिहिल्या. पहिलं घर लाल, मधलं निळं, शेवटचं लाल. रंग बरोबर आले आणि खाली अक्षरं आली, ओळी जास्त झाल्या, दोनमध्ये होतं.

"बघ," हे म्हणाले. "त्ये ॲपच खोटं हाय. तीन घरं हायेत, तीन ओळी लागनारच."

मी मोजून बघितलं. मला पण तीनच लागत होत्या. आणि मग ह्यांच्यावरचा माझा सगळा संशय उठून सरळ कंपनीवर जाऊन बसला. माणसं तर काढायचीच आहेत ह्यांना. पण आपण काढली असं दिसायला नको, म्हणून परीक्षा घ्यायची, आणि परीक्षाच अशी ठेवायची की कोणी पास होऊ नये. उद्या म्हणतील, आम्ही संधी दिली होती, तुमच्याच माणसांना डोकं नाही. ते ठेवणार म्हणतात ते दोघेही आधीच ठरलेले असणार, कोणाचा तरी भाचा, कोणाचा तरी मेहुणा. हे मी ह्यांना बोलून दाखवलं. ह्यांनी मान हलवली, पण मोबाईल सोडला नाही.

दोन ओळींचा तो भुंगा माझ्या डोक्यात तसाच राहिला. मी मिरजगावला उतरून चहा पीत होते. स्टँडसमोरच्या भिंतीवर पशुखाद्याची जाहिरात रंगवायचं काम चाललं होतं. पेंटरने आदल्या फेरीला सगळी भिंत निळी करून ठेवली होती आणि आता तो त्या निळ्यावर पिवळी अक्षरं काढत होता. मी बराच वेळ नुसतीच बघत होते. मग एकदम ध्यानात आलं की हा माणूस अक्षरांच्या कडेकडेने निळा लावत बसला नाही. अक्षरांच्या खालीही निळाच आहे. तो झाकला जाणार हे माहीत असून त्याने तो लावला. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी मी चहाचा कप धरून उभी होते.

घरी आल्या आल्या मी ह्यांना म्हणाले, "सगळी रांग आधी लाल करा, एका ओळीत. मग मधल्या घरावर निळा मारा. झाल्या दोन."

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून गेले होते.

"रंगावर रंग?"

"हो, रंगावर रंग."

"म्हंजे लालावर निळा मारायचा?"

"मोबाईलमध्ये मारायचाय हो. पेटीवर नाही."

"आज मोबाईलमदी मारला तर उद्या पेटीवर मारंल. हाताला सवय लागती." मग म्हणाले, "आमच्यातल्या कोनाच्याच डोक्यात हे आलं नसतं. आमाला पहिल्या दिवशी हेच शिकवत्यात, की असं करायचं न्हाई."

शेवटी त्यांनी त्या दोन ओळी लिहिल्या. हिरवी खूण आली. मला वाटलं आता हसतील, निदान मला शाबासकी देतील. त्यांनी बोट पँटला पुसलं.

पण एकदा तिढा सुटल्यावर आम्ही दोघं त्या कोड्यांच्या मागेच लागलो. खरं सांगायचं तर मला त्यात गोडी लागली, कारण ते काम माझ्या स्वभावाचंच निघालं. मोठा पट असला की आडवे उभे पट्टे एकमेकांवरून गेलेले असतात. तेव्हा सुरुवातीपासून जायचं नाही, शेवटापासून यायचं. दोन पट्टे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथलं घर बघायचं. ते हिरवं असेल तर हिरवा नंतर आला आणि त्याने खालच्याला झाकलं. मग हिरवा मनातल्या मनात काढून टाकायचा आणि त्याच्याखाली कोण होता ते बघायचं. कोण कोणाच्या मागून आला, कोणी काय झाकलं, दुसरं मी दिवसभर करते काय? हे हळूहळू तरबेज झाले. मी भाजी चिरता चिरता म्हणायचे, पिवळा शेवटचा, आणि हे म्हणायचे, न्हाई, पिवळ्याच्या वर निळा गेलाय, नीट बघ. बऱ्याच दिवसांनी घरात हसू आलं होतं.

मी त्यांना बजावून ठेवलं होतं, "हे कोणाला सांगायचं नाही. जागा दोन आहेत. आणि त्या जोडीदाराला तर अजिबात नाही."

हा जोडीदार म्हणजे शेजारच्या बूथवरचा. ह्यांना गन धरायला त्यानेच शिकवलं, हे मला मान्य आहे. तोंडावर मी त्याला भावजी म्हणते. पण माणूस गोडबोल्या आहे आणि तो आमच्याकडे आला की काहीतरी घेऊन जातो, मग ते ड्रिल मशीन असो की ह्यांचा रजेचा दिवस. परीक्षेच्या तोंडावर तो पेरू घेऊन आला. पेरूंचा मोसम नव्हता, म्हणजे मुद्दाम शोधून आणले होते. तिथेच मी ओळखलं.

"काय वहिनी, ह्याचं डोकं चालतंय का न्हाई कोड्यात?"

"कुठलं चालतंय," मी म्हणाले. "रोज चिडतात नुसते."

"माझं बी तसंच हाय. दोन ओळीत कसं व्हतं, देवाला ठाऊक." असं म्हणताना त्याची नजर टेबलावरच्या मोबाईलवर होती. मी तो उचलून चार्जिंगला लावायला आत नेला. चहात साखर कमीच घातली, लवकर उठावा म्हणून.

तो उठला. हे त्याला सोडायला खाली गेले. मी खिडकीत उभी राहिले, पुढच्या खोलीच्या, जिच्यातून रस्ता दिसतो. दोघं त्याच्या मोटारसायकलपाशी उभे होते. बोलणं ऐकू येत नव्हतं. तिच्या पेट्रोलच्या टाकीवर धूळ होती. ह्यांनी त्या धुळीत बोटाने एक लांब आडवी रेघ ओढली. मग तिच्या मधोमध अंगठा टेकवला. जोडीदार आधी वाकून बघत राहिला, मग सरळ झाला आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. मग खिशातून फडकं काढून टाकी पुसली.

हे वर आले.

"काय विचारत होते भावजी?"

"केडगावला जायचा नवा रस्ता."

"टाकीवर काढून दाखवला?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मी भांडी अशी आदळली की खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकली आणि घरी बसून राहिले, काही उपयोग नसताना. हे परत आले ते डबा न खाताच. दारातच सांगितलं, न्हाई झालं. जोडीदाराचं नाव लागलं, आणि दुसऱ्या एका पोराचं, जो आमच्या ओळखीचा नाही. हे तिसरे आले, एका ओळीने.

मला पहिली शंका आली ती मी बोलून टाकली. "त्यांच्यासाठी मुद्दाम सोडलंत?"

"न्हाई. लेकराची शपथ."

मग काय झालं ते त्यांनी सांगितलं. सगळी कोडी बरोबर आली. शेवटच्यात काळा आडवा पट्टा होता आणि त्याच्यावरून पांढरा उभा पट्टा गेलेला होता. काळा आधी पूर्ण ओढायचा, मग त्यावरून पांढरा, दोन ओळींचं काम. बाकीच्या रंगांत त्यांनी ते शंभरदा केलं असतं. पण पांढऱ्याखाली काळा ठेवायचा म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. आख्ख्या नोकरीत ज्या रंगाला त्यांनी सगळ्यात जास्त जपलं, तो पांढरा. त्यांनी पांढऱ्याची जागा सोडून काळा दोन तुकड्यांत मारला. ओळी तीन झाल्या.

"ठाऊक हुतं," हे म्हणाले. "ठाऊक असून झालं."

मला रडू आलं. त्यांचा राग करावा की त्या पांढऱ्या रंगाचा, तेही कळेना. आता ह्या वयात माणसाने कुठल्या शेडमध्ये जाऊन गेटं रंगवायची? मुलीला काय सांगायचं?

त्याच संध्याकाळी जोडीदार पेढे घेऊन आला. यायला नको होतं, पण आला. आमच्या सोफ्यावर बसून म्हणाला, "मशीनचं डोकं वेगळंच असतंय वहिनी. त्येच्यासारखा विचार करावा लागतो. मला आपसूक सुचत गेलं." मी ह्यांच्याकडे बघितलं. आता तरी काही बोलतील. हे मान हलवून ऐकत होते. वर म्हणाले, "मशीनची नळी आधी साफ करून घ्यायला सांग तुझ्या साहेबाला, न्हाईतर पहिला माल खराब यील."

तो गेला तेव्हा मी दार जरा जोरातच लावलं.

"आपसूक सुचलं म्हणे," मी म्हणाले. "मला एक खरं सांगा. हे त्यांना आधी कळलं असतं, तर त्यांनी तुम्हाला सांगितलं असतं का?"

मला वाटलं, आता मित्राची बाजू घेतील आणि मग मला मनसोक्त भांडता येईल.

"न्हाई," हे म्हणाले. "त्यानं कधीच सांगितलं नसतं."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"व्हय."

"मग का सांगितलंत?"

"त्यानं इचारलं ना," हे म्हणाले, जणू मी काहीतरी फारच सोपं विचारलं होतं. मग पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला. "घे की. चांगला हाय."

मी घेतला. खरंच चांगला होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.